लग्नानंतर डब्ल्यू-४: 'दोघांनी मॅरीड करा' हा सल्ला देऊ नका

एडिसनकर: काल एकाने नव्या जोडप्यांना सांगितलं, 'लग्न झालं की दोघांनी डब्ल्यू-४ वर मॅरीड करा, हातात जास्त पगार येतो.' वाचून राहवलं नाही. डब्ल्यू-४ म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणारा इथला, अमेरिकेतला फॉर्म. २०२४ च्या जानेवारीत आम्ही हेच केलं. दोघांना लाख-लाख डॉलर पगार. दुसऱ्या पायरीतली 'दोन नोकऱ्या' ही चौकट कोरीच ठेवली. दोन्ही कंपन्यांनी जोडप्याचं २९,२०० चं अख्खं डिडक्शन, म्हणजे टॅक्स न लागणारी रक्कम, आपापल्याकडे धरलं. वर्षभरात कापले सुमारे १६ हजार आणि फेडरल टॅक्स निघाला २७,६८२! घराच्या डाउन पेमेंटचे साडेअकरा हजार गेले, वर कमी कापल्याचा दंड. दोघं कमावत असाल तर दोघांच्या फॉर्मवर चौकट टिक करा, नाहीतर सरळ सिंगल ठेवा.

सांगलीची_लेक: चौकटीबद्दल मान्य. पण पगारात फरक असेल तर? आमचे दीड लाख आणि पन्नास हजार. टिक केल्यावर जवळजवळ १,९०० जास्त कापले गेले. टिक करण्याऐवजी आयआरएसचा, म्हणजे टॅक्स खात्याचा, ऑनलाइन एस्टिमेटर वापरा आणि ४(सी) मध्ये, जादा किती कापायचं त्या रकान्यात, नेमका आकडा लिहा.

एडिसनकर: जास्त कापलं तर परत मिळतं. एप्रिलमध्ये चेक लिहिण्यापेक्षा बरं.

डॅलस_पुणेकर: 'परत मिळतं' हे सोपं आहे हो बोलायला. माझी बायको एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. माझं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) नाही म्हणून तिला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नाही. एकाच पगारात घर. मित्राच्या सांगण्यावरून मी वर्षभर सिंगल ठेवलं. लाखाच्या पगारावर ५,८०० जास्त कापले गेले आणि इकडे कार्डावर व्याज भरत होतो. आम्हाला मॅरीडच योग्य आहे.

एडिसनकर: मी दोघं कमावणाऱ्यांबद्दलच लिहिलंय. नीट वाचा.

डॅलस_पुणेकर: काल सल्ला देणाऱ्यानेही 'नीट वाचा' असंच म्हटलं असेल. आणि रिफंडचं काय सांगता? बायकोला सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून दोघांच्या जॉइंट रिटर्नला डब्ल्यू-७ अर्ज जोडून आयटिन, म्हणजे त्याऐवजीचा टॅक्स नंबर, काढावा लागतो. आमच्या टॅक्सवाल्याने तिचा मूळ पासपोर्टच पोस्टाने पाठवायला लावला. त्याच महिन्यात तिची आजी गेली. ती स्वयंपाकघरात फोन धरून उभी, पलीकडे सगळे घरी जमलेले, आणि पासपोर्ट पाकिटात कुठेतरी. तिकीट काढताच आलं नाही.

सांगलीची_लेक: फार वाईट झालं. मूळ पासपोर्ट पाठवायची गरजच नव्हती. आयआरएसने नेमलेला सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट पासपोर्ट समोर बसून तपासतो आणि लगेच हातात परत देतो. हे सांगणं त्या टॅक्सवाल्याचं कामच होतं!

ठाणे_ते_फ्रिमाँट: माझी बायको लग्नानंतर सात महिने पुण्यातच नोकरी करत होती. तरी जॉइंट भरता येतं, दोघांनी सही करून तिला वर्षभर रेसिडेंट धरायचं निवेदन जोडावं लागतं. पण मग तिचा पुण्याचा पगार, एफडीचं व्याज, सगळं इथे दाखवा. सासऱ्यांनी लग्नात तिच्या नावाने एफडी केलेली, तीही आली. तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, मान्य. पण पुण्याच्या बँकेकडून कागद मिळवताना तिच्या तीन दुपारी गेल्या.

एडिसनकर: एफडीवरून डब्ल्यू-४ चा विषय कुठे गेला!

ठाणे_ते_फ्रिमाँट: कुठेही नाही. वर्षअखेर जॉइंट भरणार की वेगळं, हे ठरल्याशिवाय फॉर्मवर काय टिक करणार? ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असलं की सिंगल म्हणून रिटर्न भरताच येत नाही.

एडिसनकर: बरं. एकच कमावता असेल तर मॅरीड, हे मी आधी लिहायला हवं होतं. डॅलसवाले, तुमच्या घरचं ऐकून वाईट वाटलं. पण दोघं कमावत असाल तर चौकट कोरी ठेवू नका, यावरून मी हटणार नाही. आणि न्यू जर्सीवाल्यांनो, राज्याच्या टॅक्ससाठी एनजे-डब्ल्यू४ हा फॉर्म वेगळा असतो. तो आम्ही बदललाच नव्हता.