मॅलेफिसंट: उभ्या उभ्या घाबरवणारी खलनायिका (अनुभव धागा)

रेघोट्या:
डिस्नेचा कार्टून सिनेमा 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) परवा टीव्हीवर लागला आणि लहानपणी धडकी भरवणारी ती शिंगं पुन्हा समोर आली. ही बाई धावत नाही, आरडाओरडा क्वचितच करते. राजकन्या ऑरोराच्या बारशाला येते, बोलते, शाप देते, जाते. अॅनिमेटरसाठी याहून अवघड काम नाही. तिला रेखाटणाऱ्या मार्क डेव्हिसची अडचण हीच होती, की ती सारखी उभी राहून भाषणं देते. मग तिचा डोमकावळा कामी आला. त्याला कुरवाळताना हाताला काम मिळतं, त्याच्याशी बोलताना नजर वळते. चित्र, कपडे, संगीत, ज्याला जे माहीत आहे ते सविस्तर लिहा.

निळी_शाई:
बाह्या बघा, सगळी गंमत तिथे आहे. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १२ चित्रं. मनगट थांबलं की बाहीचं टोक त्यानंतर २-३ चित्रांनी थांबायला हवं. नवशिके हात आणि बाही एकदम थांबवतात, मग झगा पत्र्याचा वाटतो. आणि पात्र स्थिर उभं असलं तरी तेच चित्र सेकंदभर धरून ठेवू नका, पडद्यावर मेल्यासारखं दिसतं. हनुवटी केसभर खाली, बोटं किंचित मिटलेली, एवढं सरकत ठेवलं तरी पुरतं.

झुळूक:
+१
शिंगं काढताना आधी कवटीचा गोल, मग त्यावर घट्ट टोपडं, मग शिंगं. उलट क्रमाने काढलं तर मान वळवली की शिंगं डोक्यावरून घसरतात. आपल्यापासून दूरच्या बाजूचं शिंग थोडं आखूड काढायचं.

शिलाईवाली:
गॅदरिंगचा सीझन आलाच आहे म्हणून लिहिते. शिंगं नुसत्या हेअरबँडला लावू नका, वजनाने मागे कलंडतात. होजिअरीच्या कापडाची घट्ट टोपी, हनुवटीखाली इलॅस्टिक. वर्तमानपत्राच्या निमुळत्या सुरळ्या वाकवून मास्किंग टेप गुंडाळा, वर फेविकॉल-पाण्यात बुडवलेल्या कागदी पट्ट्यांचे दोनच थर. तिसऱ्या थराने जड होतं. पूर्ण वाळल्याशिवाय काळा रंग नको, आतली ओल राहिली की शिंग मऊ पडतं. २० सेंमीपेक्षा उंच तर नकोच, मुलं विंगेत अडकतात. बाहीला आतून जांभळं साटन. त्याचे धागे सुटतात, दीड सेंमी माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडा. घेर जमिनीपासून ४ सेंमी वर.

पिंपळपान:
शिलाईवाली ताई, स्क्रीनशॉट घेतला 🙏 भाजी गॅसवर आहे, नंतर नीट वाचते.

तबकडी:
संगीताकडे कुणी वळलंच नाही! सिनेमाचा संगीतकार जॉर्ज ब्रन्सने रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या याच गोष्टीवरच्या १८९० च्या बॅलेतूनच (नृत्यनाट्यातूनच) सुरावटी घेतल्यात. ऑरोरा हिरव्या उजेडामागे भारल्यासारखी जिना चढते तिथलं संगीत मूळ बॅलेत बूट घातलेला बोका आणि पांढरी मांजर यांच्या नाचाचं आहे, तिसऱ्या अंकातलं, चक्क विनोदी. लय संथ केली, वाद्यांची मांडणी बदलली, की तेच सूर अंगावर येतात. आणि बॅलेतली दुष्ट परी काराबोस पहिल्या प्रयोगात एका पुरुषाने केली होती, एन्रिको चेकेट्टी. त्याच प्रयोगात निळ्या पक्ष्याचा नाचही त्याचाच.

रेघोट्या:
बोक्याचं माहीत नव्हतं, आता परत ऐकणार! आवाज एलिनॉर ऑडलीचा. १९५० च्या 'सिंड्रेला'तली सावत्र आईही तीच. ती शब्द तोडून, शेवटचं व्यंजन नीट उच्चारून बोलते, म्हणून ओठांची चित्रं नेमकी बसवता येतात. आवाज आधी, चित्रं नंतर, हाच तिथला क्रम.

निळी_शाई:
रंगाचं राहिलं. पार्श्वभूमीचा सगळा कारभार आयव्हिंड अर्लकडे. झाडं चौकोनी, पानन् पान रंगवलेलं. एवढ्या गर्दीत पात्र हरवतं, म्हणून तिला मोठा सलग काळा आकार दिला. अस्तर डेव्हिसच्या मनात ज्वाळेसारखं लाल होतं, ते जांभळटावर आलं. माझ्या मते अगदी बरोबर झालं. पिवळे डोळे आणि हिरवट कातडी लालभडक अस्तराशेजारी विझली असती. शिवाय सेलवर (पात्र रंगवायच्या पारदर्शक पत्र्यावर) रेघ हाताने शाईने. १९६१ च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या सिनेमापासून झेरॉक्स यंत्र आलं आणि ती नाजूक रंगीत रेघ गेली. मला अजून हळहळ वाटते.

चावडीकर:
हो, आणि त्या कुत्र्यांच्या सिनेमातली खलनायिका क्रुएलाही डेव्हिसचीच! ती मात्र एक क्षण स्थिर नाही.

गोष्टीवेल्हाळ:
हीच कथा फ्रेंच लेखक पेरोनेही लिहिलीय, त्याच्या गोष्टीत म्हातारी परी रुसते, कारण बाकी सात जणींसाठी सोन्याचे डबे घडवलेले आणि हिच्यासाठी नाही. ती ५० वर्षं बुरुजाबाहेर आलेली नसते, लोकांना वाटतं मेली असेल. जर्मन ग्रिम बंधूंच्या गोष्टीत १३ शहाण्या बायका आणि सोन्याच्या ताटल्या १२. सिनेमात या गोष्टींतली राजकन्येची शंभर वर्षांची झोप काढून टाकली, पण वाया नाही घालवली. तळघरात मॅलेफिसंट कैद केलेल्या राजपुत्राला म्हणते, शंभर वर्षांनी सोडीन, म्हातारा होऊन जा राजकन्येकडे. तिच्या तोंडी ते फार क्रूर बसलंय.

झुळूक:
शेवटी ती ड्रॅगन होते, त्याच्या जबड्याचा कटकट आवाज कॅस्टानेट्सचा (हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळांचा), आगीचा सैन्याच्या ज्वालाफेक्यांचा.

पिंपळपान:
ताई, काठीचा हिरवा गोळा कशाचा करू?

शिलाईवाली:
प्लॅस्टिकचा पारदर्शक चेंडू, आत हिरवा जिलेटीन पेपर आणि बटणसेलचा छोटा दिवा. काठीत खिळा ठोकू नकोस, चेंडूला चीर जाते. गरम ग्लूही पातळ प्लॅस्टिक वितळवतो, दुहेरी चिकटपट्टी लाव आणि खाली काळी दोरी घट्ट गुंडाळ. दिव्याचं बटण खालच्या बाजूला येऊ दे, नाहीतर ऐनवेळी चेंडू काढावा लागतो.