ट्यूब अ‍ॅम्प की मॉडेलर: धुळ्याच्या फ्लॅटसाठी
भाऊ, धुळ्यातल्या फ्लॅटमध्ये गिटारसाठी १५ वॅटचा, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प झेपेल का, असं विचारलंय तुम्ही. १५ वॅट ऐकायला कमी वाटतात, पण ट्यूबचा खरा गोडवा आवाज चढवून पॉवर ट्यूब दमायला लागल्या की येतो, आणि तोवर खालचे काका दारात उभे! माझा ईएल८४ (एक पॉवर ट्यूब) वाला अ‍ॅम्प जळगावात होता. मे महिना, कूलरची घरघर, आणि खोलीत ही आणखी एक शेगडी. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लावाच. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. रात्री हेडफोनवर वाजवणार असाल तर सरळ मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, घ्या. बोटांना तो ट्यूबसारखी दाद देत नाही, मला तरी.