मदत हवी आहे: गावात रेंज नाही, ऑनलाईन समुपदेशन कसं चालू ठेवू?

मुक्कामपोस्ट:
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. माझं ऑनलाईन समुपदेशन चालू आहे, दर शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. इथे आल्यापासून एकही सेशन धड झालेलं नाही. चेहरा गोठतो, आवाज तुटतो, मी काही महत्त्वाचं सांगत असतो आणि पलीकडून "हॅलो, आवाज येतोय का?" पुन्हा पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जीव नकोसा होतो. पैसे मात्र पूर्ण जातात. कमी रेंजमध्ये चालणारं ॲप कोणी वापरलंय का? लवकर सांगा, परवा सेशन आहे.

तिरफळ:
"इथे" म्हणजे कुठे? तालुका तरी सांगा. सिम कुठलं?

फायबरवाला:
ॲप बदलून काही होणार नाही. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे सरकारी इंटरनेटची, लाईन आली आहे का बघा. आली असेल तर तिथून घरी जोडणी मिळते का विचारा. वायफाय आलं की मोबाईलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करायचं, मग टॉवर नसला तरी साधा फोन लागतो. माझ्या गावी आईवडिलांसाठी हेच केलंय.

ओसरी:
समुपदेशनाला दर आठवड्याला पैसे घालण्यापेक्षा इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. एक पैसा फी नाही. माझ्या भावाचं आयुष्य बदललं.

पिंपळपान:
ओसरी, भावाला गुण आला, आनंद आहे. पण ज्याचे उपचार चालू आहेत त्याला असं परस्पर पाठवू नका. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नाही.
मुक्कामपोस्ट, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. "जीव नकोसा होतो" हे बोलण्याच्या ओघात आलं, की खरंच तसे विचार येतात? स्पष्ट विचारते आहे, स्पष्ट सांगा. येत असतील तर शनिवारची वाट न बघता १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा, २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं आणि साधा फोन पुरतो.

मुक्कामपोस्ट:
नाही मॅडम, तसं काही नाही. वैतागून लिहिलं.
संगमेश्वर तालुका, देवरुखच्याही आत, सह्याद्रीच्या बाजूला. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, मूळचा लातूरकडचा. गावात बीएसएनएलचा एकच टॉवर, लाईट गेली की तोही बंद. जिओ फक्त वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, येतं.

गोदाकाठ:
सर, आंतरजिल्हा बदलीचा अर्ज टाकला का? मी तेच केलं. घरच्या माणसांत गेलात की निम्मं दुखणं तिथेच संपेल.

तिरफळ:
झालं! कोकणात रुजू झाले की पहिल्या दिवसापासून बदलीचे फॉर्म. आमच्या वाड्यांवरच्या पोरांना शिकवायचं कोणी? मुलगा इथे राहून उपचार चालू ठेवायला धडपडतोय, त्याला पळून जायला काय शिकवता?

गोदाकाठ:
पळून नाही. एकटं राहण्यानेच त्रास वाढतो. तुम्ही स्वतःच्या गावात बसून बोलताय.

रानवाटा:
बदलीचा वेगळा धागा काढा. सर, सड्यावर रेंज येते तर तिथे जाऊन बसा की.

मुक्कामपोस्ट:
बसलो होतो. संध्याकाळी तिथे पोरं क्रिकेट खेळतात, माझ्याच वर्गातली. "गुरुजी, कोणाशी बोलताय?" म्हणून शेजारी येऊन उभी राहतात. गुरं घेऊन परतणारी माणसंही थांबतात. खोलीवर बोलावं तर घरमालक आणि माझ्या मधे नुसती फळ्यांची भिंत. काकू विळीवर नारळ खवतात तो आवाज मला येतो, म्हणजे माझा शब्दन् शब्द तिकडे जाणार. मग मी रडू आवरून "हो, बरं आहे, झोप लागते" असं सांगून कॉल संपवतो. माणसं फार चांगली आहेत, पण गुरुजी डोक्याच्या डॉक्टरशी बोलतात हे एकदा गावात झालं की शाळेत उभं राहणं अवघड होईल.
त्यात गोळ्या संपत आल्या आहेत. तालुक्याला मेडिकलवाला म्हणाला, फोनवरची चिठ्ठी चालत नाही.

तिरफळ:
अहो, गोळ्यांचं आधी नाही का सांगायचं!

पिंपळपान:
आता खरं काय ते कळलं. गोळ्या कोण लिहून देतं? तुमच्या समुपदेशक की वेगळे मानसोपचारतज्ज्ञ? गोळ्यांची नावं काय? आणि नक्की किती दिवसांच्या उरल्या? मनाने बंद करू नका, एकाआड एक घेऊन पुरवूही नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास उलटतो.

फायबरवाला:
मेडिकलवाला चूक आहे. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतात. त्याच्याशी भांडा.

पिंपळपान:
भांडू नका, आधी गोळी कुठली ते बघू. त्याच नियमांत शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी) आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं फोनवरून लिहायला मनाई होती, आणि घबराटीवरच्या काही गोळ्या त्या कायद्याच्या यादीत येतात. अशा वेळी तो नाही म्हणाला तर त्याचंही बरोबर असू शकतं.

मुक्कामपोस्ट:
डॉक्टर वेगळे आहेत, लातूरला. एक सकाळची गोळी, एक धडधड वाढली तर घ्यायची. नकार त्या दुसरीलाच होता. आठवडाभर पुरतील.

पिंपळपान:
मग आजच लातूरच्या डॉक्टरांना फोन करा, मेडिकलवाला काय म्हणाला ते शब्दशः सांगा. ते म्हणाले तर प्रत्यक्ष दाखवायला रत्नागिरी जवळ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ बघतात, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाचीही ओपीडी आहे. गावच्या आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाईन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं, पण तिथे समुदाय आरोग्य अधिकारी सोबत असतात, तेव्हा गुप्तता हवी असेल तर तुमच्या कामाचं नाही.
आता सेशनचं. व्हिडिओचा हट्ट सोडा. समुपदेशकांना सांगा, साधा फोन चालेल. अर्धवट व्हिडिओपेक्षा सलग आवाज कितीतरी बरा. कॉल तुटला तर कोणी लावायचा, किती वेळ वाट बघायची, हे सुरुवातीलाच ठरवा. आणि "रेंज नाही" एवढंच सांगू नका. पलीकडे माणसं ऐकतात म्हणून मी खरं बोलत नाही, हे त्यांना कळलंच पाहिजे. त्याशिवाय त्या काय मदत करणार?

ओसरी:
साध्या फोनवर कसली थेरपी? समोरचं माणूस दिसायला हवं.

पिंपळपान:
दिसलं तर उत्तमच. पण रडू दाबणारा चेहरा दिसून तरी काय उपयोग?

रानवाटा:
शनिवारी सकाळची शाळा असते ना? दुपारी शाळा रिकामीच. किल्ली कोणाकडे असते?

मुक्कामपोस्ट:
माझ्याकडेच असते. हे डोक्यातच आलं नव्हतं. आत नेट नाही, पण दुसरीच्या वर्गात मागच्या खिडकीपाशी फोन नीट लागतो, केंद्रप्रमुखांचे फोन मी तिथेच घेतो. पेपर तपासायला थांबलो म्हटलं की कोणी विचारणार नाही. समुपदेशक मॅडमना मेसेज टाकलाय, शनिवारी दुपारची वेळ आणि साधा फोन. फळ्यांच्या भिंतीचंही लिहिलं. डॉक्टर म्हणाले सोमवारी रत्नागिरीला दाखवून या. किती वाजता पोचावं लागेल?

तिरफळ:
सकाळी लवकर पोचा, केसपेपरला रांग असते. लातूरची जुनी चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि आधार कार्ड जवळ ठेवा. देवरुख स्टँडवरून पहिली गाडी पकडा. सोबत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी रत्नागिरीतच असतो.