गेटजवळच्या पपईच्या गाठी: सोसायटी ग्रुप

पाटील काका: गेटजवळच्या पपईची फळं पाहिली का कुणी? सगळी खडबडीत, वरून चीक ओघळतोय. रोग पसरायच्या आत झाड तोडा, असं माळीदादा म्हणतायत.

सुनंदाकाकू: अहो, लगेच तोडू नका!

मेघना: काका, आधी एक फळ कापून फोटो टाका ना. आणि पानं कशी आहेत? व्हायरस असेल तर फळावर गोल कडी उमटतात, पानांवर पिवळट चट्टे येतात, नवी पानं दोरीसारखी बारीक होतात.

पाटील काका: पानं हिरवीगार आहेत. हा घ्या फोटो.

मेघना: गाठीच्या बाजूला बियाच धरलेल्या नाहीत, दुसऱ्या बाजूला मात्र काळ्याभोर, भरलेल्या. फळ एकीकडे वाढलं, एकीकडे थांबलं. ही बोरॉनची, म्हणजे झाडाला अगदी थोडं लागणाऱ्या एका अन्नद्रव्याची, कमतरता दिसतेय. झाड वाचेल, तोडू नका.

केदार: पानं हिरवी, मग फळालाच कमी कसं पडलं?

मेघना: बोरॉन मुळांतून पाण्याबरोबर वर चढतो. जिथून पाणी जास्त उडतं तिथे तो जास्त पोचतो, म्हणजे मोठ्या पानांत. फळातून, शेंड्यातून पाणी फारसं उडत नाही, त्यांना थोडाच मिळतो. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या भागाला देतं, साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतून. पपईत बोरॉनला ही परतीची वाट जवळपास बंदच असते. सफरचंदात जमतं, तिथे सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ त्याला सोबत घेऊन जातो. आपल्या पपईचं पान तृप्त आणि फळ उपाशी.

मेघना: पेशींच्या भिंतीतले पेक्टिन या चिकट पदार्थाचे धागे एकमेकांना बांधायचं काम बोरॉन करतो. तो नसला की कोवळ्या, वाढत्या भागाची बांधणीच बिघडते. उन्हाळ्यात आपण बागेचं पाणी तोडलं, माती कोरडी पडली की बोरॉन मुळांपर्यंतही येत नाही.

सुनंदाकाकू: माझ्या जास्वंदीची नवी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. तेही हेच का गं?

मेघना: नाही काकू, तिथे लोह कमी पडलंय. तेही जुन्या पानांतून सहज निघत नाही, म्हणून नव्या पानांवर आधी दिसतं. मातीत लोह असतं, पण बोअरचं जड पाणी घालून घालून माती चुनखडीची झाली की मुळांना ते घेता येत नाही. कुंडीत खिळे पुरू नका, चिलेटेड लोह द्या, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं.

केदार: बोरिक अ‍ॅसिड आणतो मग. किती टाकायचं?

मेघना: लिटरला 1 ग्रॅम, पानांवर आणि कोवळ्या फळांवर, संध्याकाळी फवारायचं. काट्यावर मोजूनच! कमी आणि जास्त यांत बोरॉनचं अंतर फार थोडं असतं, जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. मूठभर बुंध्याशी ओतायचं नाही. पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पाटील काका: आहेत ती फळं सुधारतील?

मेघना: या गाठी जाणार नाहीत काका. नवीन धरलेली फळं बघायची. आणि माळीदादांना सांगा, पाण्याची पाळी चुकवू नका.

पाटील काका: सांगतो. कोयता परत ठेवायला लावलाय.