‘बुद्धिजीवी’ आणि ‘विचारवंत’ एकच का?

‘बुद्धिजीवींनी मौन सोडले पाहिजे’ हे वाक्य एका लेखाची मुद्रिते तपासताना समोर आले आणि ही हाक नेमकी कोणाला आहे, या प्रश्नापाशी मी अडलो. ‘बुद्धिजीवी’ म्हणजे बुद्धीवर उपजीविका करणारा. (सुटा ‘बुद्धी’ दीर्घ, पण समासात पूर्वपदी ऱ्हस्व, हे जाता जाता.) ‘श्रमजीवी’च्या जोडीचा हा शब्द पोट कशावर चालते एवढेच सांगतो. त्यामुळे हिशेबनीस, वकील, अभियंता, प्राध्यापक हे सगळेच बुद्धिजीवी ठरतात, मग सार्वजनिक प्रश्नावर त्यांनी जन्मात एक अक्षर लिहिलेले नसो.

‘विचारवंत’ हा ‘धनवंत’, ‘गुणवंत’ यांच्या पंक्तीतला. तिथे व्यवसाय गौण आहे. हातमागावर बसणारा माणूसही विचारवंत असू शकतो. ‘बुद्धिवादी’ तर बुद्धी हेच प्रमाण मानणारा, म्हणजे त्या शब्दाने कोणताही वर्ग सूचित होत नाही. हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, ते मला चुकीचे वाटते.

ज्या परकीय शब्दांसाठी आपण ‘बुद्धिजीवी’ योजतो, त्यांचा इतिहास वेगळाच आहे. रशियन ‘इंटेलिजेन्त्सिया’ १८६०च्या दशकात रूढ झाला, तो शिकलेल्या, राजसत्तेपासून दुरावलेल्या आणि आपण जनतेचे देणे लागतो असे मानणाऱ्या थरासाठी. फ्रेंच ‘इंतेलेक्त्युएल’ गाजला तो जानेवारी १८९८मध्ये, हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झालेले फ्रेंच लष्करी अधिकारी कॅप्टन द्रेफ्युस यांच्या खटल्याची फेरतपासणी मागणाऱ्या निवेदनांवर लेखक, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ यांनी सह्या केल्या तेव्हा. विरोधकांनी तो हेटाळणीने वापरला, सह्या करणाऱ्यांनी अभिमानाने मिरवला. त्या सह्यांत पाश्चर संस्थेचे संचालक एमिल द्युक्लो होते. सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या या माणसाचा हेरगिरीच्या खटल्याशी व्यवसायाने काडीचाही संबंध नव्हता, आणि तरीही त्यांनी नाव पुढे केले. आपल्या विषयाबाहेरच्या अन्यायाविरुद्ध स्वतःच्या नावानिशी उभे राहणे हा त्या शब्दाचा प्राण आहे आणि तो ‘जीवी’मध्ये कुठेच उतरलेला नाही.

लेखकाला विचारले, तेव्हा त्याच्या मनात सगळेच शिकलेले लोक होते असे कळले. म्हणून तिथे ‘सुशिक्षितांनी’ केले. वर्ग सांगायचा असेल तर ‘बुद्धिजीवी वर्ग’ मला मान्य आहे. मात्र द्युक्लोंसारख्यांसाठी ‘विचारवंत’ही अपुरा वाटतो, कारण त्यात विचार आहे, तो उघडपणे मांडण्याची जबाबदारी नाही. त्यासाठी कोणी एखादा नेमका मराठी शब्द वापरत असल्यास तो वाक्यासह द्यावा.