शब्दचर्चा : चिन्हक, चिन्हित आणि रोलाँ बार्थचं 'मिथक'

प्रश्न : फ्रेंच समीक्षक बार्थवरच्या मराठी लेखांत चिन्हक, चिन्हित, मिथक हे शब्द सारखे भेटतात. मिथक म्हणजे पुराणकथाच ना? मग कुस्ती आणि धुण्याच्या पावडरीवर लिहिताना बार्थ हा शब्द का वापरतो?

उत्तर : पहिले दोन शब्द भाषाशास्त्रज्ञ सोसूरचे. 'झाड' या शब्दाची मनात उमटणारी ध्वनिप्रतिमा म्हणजे चिन्हक, तिच्याशी जोडलेली झाडाची कल्पना म्हणजे चिन्हित. अंगणातलं खरं झाड चिन्हित नव्हे. ही गल्लत फार होते. दोन्ही मिळून चिन्ह.

बार्थ इथून एक पायरी वर जातो. 'मिथॉलॉजीज' (1957) मधलं त्याचं उदाहरण बघा. 'पारी-मॅच' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातला काळा मुलगा सलाम करतोय. वाच्यार्थ एवढाच. पण हे अख्खं चिन्ह पुढच्या अर्थाचं चिन्हक बनतं : फ्रान्स हे थोर साम्राज्य आहे आणि रंगभेदाशिवाय त्याची सगळी लेकरं झेंड्याखाली निष्ठेने उभी आहेत. साल 1955, अल्जीरियात युद्ध पेटलेलं. चित्र कसलाही दावा करत नाही, नुसता सलाम दाखवतं, त्यामुळे प्रतिवाद करायचा तरी कशाचा? इतिहासाने घडवलेली गोष्ट निसर्गतःच तशी आहे असं भासवणारी ही अर्थरचना म्हणजे बार्थचं मिथक. त्याला देव-दानव लागत नाहीत.

शंका : म्हणजे आपल्या काव्यशास्त्रातली, शब्दांपलीकडचा अर्थ सुचवणारी व्यंजनाच की!

उत्तर : वाच्यार्थावर दुसरा अर्थ उभा राहतो, इथवर साम्य आहे. पण व्यंग्यार्थ सहृदयाला, म्हणजे जाणत्या रसिकाला, जाणवतो आणि तो त्याचा आस्वाद घेतो. मिथकाचा वाचक मात्र दोन पातळ्या आहेत हे न कळताच अर्थ गिळतो. म्हणून बार्थच्या या दुसऱ्या अर्थाला सर्रास 'ध्वन्यर्थ' म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्यातलं राजकारणच पुसलं जातं. 1964 च्या निबंधात तो पान्झानी पास्त्याची जाहिरात उलगडतो : जाळीच्या पिशवीतून डोकावणारे टोमॅटो, कांदे, मिरच्या, आणि लाल-पिवळा-हिरवा रंगमेळ. यातून 'इटालियनपणा' सुचवला जातो, पण तो फ्रेंच गिऱ्हाइकाच्या ठोकळेबाज समजुतींतला. पान्झानी या नावातला इटालियनपणा खुद्द इटालियन माणसाला जाणवणारही नाही, असं बार्थच म्हणतो. हे रसिकतेचं काम नव्हे, सवयीचं आहे.

चिन्हांच्या या अभ्यासाला काय म्हणायचं, 'चिन्हविज्ञान' की 'चिन्हमीमांसा'? 1964 ते 67 मधल्या, शास्त्र रचू पाहणाऱ्या बार्थसाठी पहिला शब्द चालेल. 1970 च्या 'एस/झेड' या पुस्तकापासून तो आग्रह त्याने स्वतःच सोडला, तिथे मीमांसाच लिहावं.