घरच्या किरकोळ कामांना वेल्डिंग मशीन घ्यायचंय, बजेट 8 हजार, सल्ला हवा

नमस्कार मंडळी, कराडजवळच्या गावात राहतो. आमच्या फाटकाचा खालचा पाइप बिजागरीपाशी पार गंजलाय, पावसाचं पाणी साठून साठून आतूनच खाल्लाय, परवा रंग खरवडायला गेलो तर स्क्रू ड्रायव्हर सरळ आत घुसला. फॅब्रिकेशनवाल्याला तीनदा सांगून झालं, तो म्हणतो दोन टाक्यांसाठी मशीन घेऊन यायला परवडत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे. पण फाटक खाली बसत चाललंय आणि आई रोज ते उचलून लावते, तिचे गुडघे आधीच दुखतात, म्हणून म्हटलं आता मशीनच घेऊ. गव्हाणीची पट्टी, शेडचा अँगल, जिन्याचं रेलिंग, अशी कामं वर्षभर निघतातच.

चुलतभावाच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनवर थोडा हात बसलाय. जाड अँगल नीट जुळतो, पण 16 गेजच्या (साधारण दीड मिमी जाडीच्या) चौकोनी पाइपला 3.15 मिमीचा रॉड टेकवला की भोक पडतं, करंट कमी केला तर रॉड चिकटून बसतो. आणि एकदा काच न धरता दोन-तीन टाके मारले तर रात्रभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होत होतं, ते परत नको.

दुकानदार 200 अँपचं इन्व्हर्टर मशीन (ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटवालं हलकं वेल्डिंग मशीन) घ्या म्हणतोय, पण आमचं मीटर सिंगल फेज, संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 180 वर येतं, मग 16 अँपच्या सॉकेटवर हे चालेल का? की पातळ पाइपला तारेवालं बिनगॅसचं मिग (रॉडऐवजी रिळातली तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन) बरं पडेल? ज्यांनी घरी वापरलंय त्यांनी प्लीज सांगा, गणपतीच्या आत फाटक उभं करायचंय.

प्रतिसाद:
दादा, रॉडवालं इन्व्हर्टरच घ्या. तुमच्या कामाला 200 अँप कधीच लागणार नाहीत, त्यापेक्षा ड्युटी सायकल बघा, 60 टक्के म्हणजे त्या करंटला 10 मिनिटांत 6 मिनिटंच चालवायचं. पातळ पाइपला 2.5 मिमीचा 6013 रॉड (साध्या लोखंडी कामाचा नेहमीचा प्रकार), 60-70 अँपपासून सुरू करा, सलग ओढू नका, एक टाका मारा, लाली उतरू द्या, मग शेजारी दुसरा. रॉड कोरडे ठेवा, पावसाळ्यात ओल धरतात. 80 अँपला मशीन लाइनमधून साधारण 12-15 अँप घेतं, व्होल्टेज पडलं की अजून जास्त, म्हणून काम सकाळी करा आणि सॉकेटला वेगळी 4 स्क्वेअर मिमीची वायर नि अर्थिंग करून घ्या. मिग सोपं पडतं खरं, पण या बजेटमध्ये चांगलं मिळणं अवघड आणि तारही महाग. 8 हजारातले थोडे ऑटो डार्क हेल्मेटला (ठिणगी पडताच काच आपोआप काळी होते ते) राखून ठेवा, त्यात काटकसर नको.

आणि गंजावर टाके धरणारच नाहीत. ग्राइंडरने चांगला पत्रा लागेपर्यंत पाइप कापा, नवा तुकडा जोडा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप असेल तर जोडापाशी जस्त आधी घासून काढा, त्याच्या धुराने थंडीताप येतो. शेवटी खालच्या पाइपला तळातून 6 मिमीचं एक भोक पाडा, म्हणजे पाणी आत साठणार नाही.